भाव आला तरी

माझ्या आईला ज्या माणसाने बुडवलं, तो कधी आवाज चढवून बोलत नसे. अमरावतीला जुन्या परकोटाच्या गेटाच्या आत, सराफ्याच्या ओळीत त्याची पेढी होती. पांढरी गादी, पांढरं धोतर, काळी टोपी. समोर आलेल्या माणसाला तो आधी पाणी विचारायचा. आम्हालाही विचारलं. नवा पैसा चालू झाला त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि भातकुलीकडच्या आमच्या गावाहून आईसोबत बैलगाडीने आलो होतो.

आई भाजी पिकवायची आणि विकायची. बाबा मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घर तिच्या भाजीवर चाललेलं. आमच्या बाजूला पाणी खारं. विहीर खणावी तर तोंडात धरवत नाही असं पाणी लागतं, त्यावर वांगं जगत नाही की मिरची. गावाच्या वरच्या अंगाला एक पट्टा होता, फक्त त्याच्या विहिरीला गोडं पाणी होतं. का, ते कोणालाच सांगता येत नसे. तो पट्टा आई बटईने वाहायची, अर्धं पीक मालकाला, अर्धं आपल्याला. मालक नागपूरला राहायला गेला आणि त्याने जमीन विकायला काढली. इतकी वर्षं वाहिली म्हणून पहिली विचारणा त्याने आईला केली. म्हणाला, अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पैसे आणा, नाहीतर दुसऱ्याला देतो.

आईकडे एकच ठेव होती, राणीछाप रुपये. काही तिच्या आईकडून आलेले, काही लग्नातले. थोडे कडी लावून माळेत ओवलेले आणि बाकीचे कापडाच्या पुरचुंडीत. जुन्या राणीच्या वेळचा तो रुपया म्हणजे जवळजवळ निव्वळ चांदी. पण तेव्हा आम्ही त्याला रुपयाच समजत होतो, सोळा आण्यांचा.

सराफाने एक नाणं उचलून दगडावर वाजवलं. आवाज खणखणीत आला. तरी त्याने तोंड वाईट केलं.

"बाई, हे आता काहून आणले? नवा पैसा आला. जुनं नाणं सरकार जमा करून राहिलं. थोड्या दिवसानं ह्याले कोणी हातात घेणार नाही."

"मंग काय करू, शेटजी?"

"मी घेतो. माझी वरती ओळख आहे, बदलून आणीन. पण बट्टा लागंन. रुपयाचे बारा आणे."

"सोळा आण्याचा रुपया बारा आण्याले?"

"दिवाळीनंतर चार आण्यालेही नाही जाणार. मर्जी तुमची."

आईने माझ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्रात रोज आणे-पै बंद होणार म्हणून येत होतं, ते मीच तिला वाचून दाखवलेलं. मी मान हलवली. मग सराफाने अगदी घरच्यासारखं विचारलं, "एवढी काय नड आली?" आणि माझ्या भोळ्या आईने त्याला सगळं सांगितलं. तो पट्टा, ती विहीर, गोडं पाणी, मालक कोण, किती मागतो, अखाजीची मुदत. तो रुपये मोजता मोजता ऐकत होता आणि मधूनमधून "अस्सं?" म्हणत होता.

बट्ट्यामुळे पैसे कमी पडले. आईने मालकाकडे आणखी थोडी मुदत मागितली. त्याने निरोप पाठवला की अमरावतीच्या एका गृहस्थाने रोख पैसे देऊन जमीन घेतलीसुद्धा. तो गृहस्थ म्हणजे तोच सराफ. पुढे कळलं की राणीछाप रुपया लढाईच्या काळातच चलनातून बाद झाला होता, नव्या पैशाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने काही बिघडतही नव्हतं, कारण त्यातल्या चांदीलाच रुपयाहून बरीच जास्त किंमत होती. आमचे रुपये त्याने बारा आण्यांना घेतले, चांदीच्या भावाने विकले, आणि आमचीच जमीन घेतली.

आई पुन्हा पेढीवर गेली. मी सोबत होतो. तिने पायरीवरूनच विचारलं.

"शेटजी, तुमी माह्याच रुपयानं माही जमीन घेतली?"

"बाई, बाजार आहे," तो म्हणाला. "तुमी विकलं, मी घेतलं. त्यानं विकलं, मी घेतलं. उन्हाच्या आल्या, पाणी घेता का?"

आईने पाणी घेतलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडात शिवी. ती मला दंडाला धरून ओढत गेटाबाहेर घेऊन आली.

"रडू नोको. शिव्या तं बिलकूल देऊ नोको, शिवी देल्ली की राग निंघून जाते," ती म्हणाली. "तू त्याचा धंदा शिक. शिकून घे, अन् त्याच्याच धंद्यात त्याले मार. कितीही वर्सं लागू दे, मले घाई नाही."

त्या दिवसापासून मी शिकायला लागलो.

अकोल्याला कापूस बाजाराच्या फाटकाजवळ, टिनाच्या पडवीत एक म्हातारा बसायचा. त्याला सगळे चाचा म्हणत. समोर कप्प्यांची लाकडी पेटी, त्यात नाणी. फाटक्या नोटा बट्टा कापून घ्यायच्या, मोड द्यायची, जुनी नाणी घ्यायची-विकायची, हा त्याचा धंदा. आईच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याने मला त्याच्याकडे लावून दिलं. ते वर्ष नाणी बदलणाऱ्याचं होतं. आणा आणि नवा पैसा दोन्ही चालत होते आणि हिशेब कोणालाच जमत नव्हता. दोन आण्यांचे बारा पैसे की तेरा, यावर बाजारात मारामाऱ्या व्हायच्या. त्या अर्ध्या पैशावर आम्हा दोघांचं पोट भरायचं.

पहिल्याच आठवड्यात चाचाने मला विचारलं, "तू मॅट्रिक. कचेरीत चिकटला असता. इथं धुळीत काहून आला?"

मी खरं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विडी विझवली.

"गुस्सा हाय, तं ठेव. पन पडवीत आणू नोको. पेटीसमोर बसला की हात थंडा पायजे."

चाचा स्वतः पोळलेला माणूस होता. तरुणपणी त्याची कापसाच्या जिनिंगमध्ये पाती, म्हणजे भागीदारी, होती, मोर्णेकाठी घर होतं. सरकीच्या वायद्यात, पुढच्या तारखेच्या सौद्यांत, एका हंगामात सगळं गेलं. भाव पडत होता आणि तो घेत होता, आणखी पडला की आणखी घेत होता, कारण ज्याच्याविरुद्ध त्याने सौदा केला त्याच्याशी त्याची खुन्नस होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि नंतर कधी विचारू दिलं नाही.

त्याची शिकवायची पद्धत सोपी होती. कोणी चांदीचे रुपये विकायला आला की मी ते वाजवायचे, तोलायचे, आणि पैसे देण्याआधी चाचाच्या कानात दोन भाव सांगायचे. एक, हा माल मी कोणत्या भावाला विकीन. दुसरा, भाव कुठपर्यंत उतरला की माझी चूक झाली असं मी मानीन. एकदा सांगितलं की बदलायचं नाही. ठरलेला भाव आला की विकायचं, मग उद्या तो दुप्पट होवो. आणि चूक झाली की त्याच दिवशी माल काढून मोकळं व्हायचं, रडगाणं नाही. भाव नसेल तर नुसतं बसायचं. हे बसणं मला सगळ्यात जड गेलं. दुपारी पडवी तापायची, समोरून सरकीच्या गाड्या जायच्या, दलाल ओरडायचे, लोक तासात कमावून जिलबी खायचे आणि आम्ही फाटक्या नोटांना मागून कागद चिकटवत बसायचो.

मी तसा बसायला शिकलो, असं मला वाटायचं. मग एके वर्षी बातमी आली की अमरावतीच्या त्या सराफाने अकोल्याच्या दलालांमार्फत सरकी भरपूर घेतली आहे, तेजीच्या आशेने. मी तोवर चार पैसे बाजूला टाकले होते. चाचा नमाजाला गेला असताना मी जाऊन ते सगळे अनामत ठेवले आणि जवळ नसलेली सरकी वायद्यात विकली. भाव पडला की तो मरणार आणि मी कमावणार, एवढाच विचार होता. सरकीचं मला काय कळत होतं? काही नाही. त्याने घेतली म्हणून मी विकली.

भाव चढला. दोन भाव मी कोणाला सांगितलेच नव्हते, त्यामुळे कुठे थांबायचं तेही ठरलं नव्हतं. माझे साठवलेले पैसे संपले आणि ते त्याच्या खिशात गेले. त्याला माझं नावही माहीत नव्हतं.

चाचाला कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्याने पेटी स्वतःच्या बाजूला ओढली.

"दिवाळीपर्यंत तू सौद्याले हात लावायचा नाही. पाणी भर, नोटा चिकटव, झाडून काढ."

"चाचा, माह्या पैशानं केलं मी."

"पैसा तुहा होता. सौदा त्याचा होता. त्यानं घेतलं म्हनून तू विकलं. म्हंजे तो तुले चालवून राहिला, बापा."

हे वाक्य मला आतपर्यंत लागलं. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच दोरीने मी नाचलो होतो. दिवाळीपर्यंत मी झाडून काढलं. त्यानंतर पुन्हा कधी त्याच्या उलट सौदा केला नाही, आणि त्याला क्षणभर विसरलोही नाही.

पुढची वर्षं मी फक्त चांदीचे रुपये गोळा केले. चाचाची आणि माझी त्यात निम्मी-निम्मी पाती होती. बार्शीटाकळीच्या बाजारात जायचो, परतवाड्याला जायचो. तिथे मेळघाटातून उतरलेल्या बाया गळ्यातली रुपयांची माळ काढून समोर ठेवत. मी तोलून त्या दिवसाचा चांदीचा भाव सांगायचो आणि त्याच भावाने घ्यायचो, माझं कमिशन उघड कापून. कोणी घाईत असली तर म्हणायचो, बाई, नड नसेल तर ठेवा, हे वाढेल. त्यात माझा चांगुलपणा नव्हता. त्या सराफाकडे एकही नाणं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. हळूहळू गावोगाव पसरलं की जुना रुपया विकायचा तर अकोल्याच्या पडवीत न्यावा. अमरावतीच्या पेढीवर बारा आण्यांनी देणारं कोणी उरलं नाही. मधल्या काळात माझं लग्नही झालं. मग पडवी सोडून चाचाने आणि मी गल्लीत एक छोटं दुकान घेतलं.

आईला मी महिन्यातून एकदा भेटायचो. ती आता खाऱ्या पाण्याच्या तुकड्यावर ज्वारी आणि बोरं काढायची. पट्ट्यावर सराफाने गडी ठेवले होते आणि त्या विहिरीवर इंजिन बसवलं होतं. इंजिन सुरू झालं की आवाज आमच्या दारापर्यंत यायचा. आई दार लावून घ्यायची.

"कुठवर आलं?" ती विचारायची.

"बसून आहो."

"बस," ती म्हणायची. आणि वाढायला घ्यायची.

मग सरकारने सोन्यावर निर्बंध आणले. सराफ्याची ओळ ओस पडली, सोनार दुसऱ्या कामाला लागले. आमचा सराफ थांबणाऱ्यांतला नव्हता. त्याने चांदीचे वायदे करायला सुरुवात केली, पण विक्रीचे. म्हणजे जी चांदी त्याच्याजवळ नाही, ती अमुक दिवशी अमुक भावाने देईन असा बोल तो आजच द्यायचा. भाव पडला की स्वस्तात घेऊन पोहोचवायची आणि मधला फरक खिशात घालायचा. दोन-तीन वेळा त्याला ते साधलं आणि मग त्याचा हात सैल सुटला. दलाल आमच्या दुकानात चहा प्यायला यायचे, ते सगळं बोलायचे. मी कान देत होतो, तोंड उघडत नव्हतो.

ज्या उन्हाळ्यात सरकारने रुपयाची किंमत उतरवली, त्या उन्हाळ्यात त्याचा विक्रीचा आकडा सगळ्यात मोठा होता. रुपया उतरला आणि लोक चांदीकडे धावले. भाव रोज चढायला लागला. अकोल्याच्या व्यापाऱ्यांना त्याने पोळ्याच्या आधी चांदी द्यायची होती. पोहोचवता आली नाही, तर त्या दिवसाच्या भावाने फरक भरावा लागणार होता. बाजारात चांदी मिळेनाशी झाली. ज्याच्याजवळ होती तो दाबून बसला. आसपास एकगठ्ठा चांदी फक्त आमच्या दुकानात होती, रुपयांच्या रूपात.

आणि तेव्हाच आम्ही दोघांनी ठरवलेला भाव आला.

"आला भाव," चाचा सकाळी म्हणाला. "काढ आता."

"पोळ्यानंतर काढू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"तुमाले माहीत आहे काहून."

"आपण भाव ठरवला होता. तू माह्या कानात सांगितला होता. दहा वर्सं हेच शिकवलं तुले."

"मले आज विकायची नाही, चाचा."

"त्याचा दलाल काल माह्या घरी आला होता," चाचा शांतपणे म्हणाला. "माही पाती मी विकू शकतो. माल माहा हाय. तो दाम देते."

चाचाच्या वाट्याची अर्धी चांदी त्या सराफाला मिळाली असती, तर तो सुटला असता. सगळा नाही, पण जगण्यापुरता. मी खूप बोललो. आईचं सांगितलं, इंजिनाच्या आवाजाचं सांगितलं. चाचा ऐकून घेत राहिला.

"तुहा बदला तुहा हाय, बेटा. माह्यावर त्याचा काय भार? मी म्हातारा माणूस, मले भाव आला, मी विकीन. तुले विकीन, नाही तं त्याले."

मी त्याच दिवशी त्याची पाती विकत घेतली, चढत्या बाजारातल्या सगळ्यात चढ्या भावाने. अकोल्यात घर बांधायला म्हणून जे साठवलं होतं ते सगळं त्यात घातलं. चाचाने एक पैसा कमी केला नाही. मी मागितलाही नाही. घेण्याआधी जे दोन भाव सांगायचे, ते मी सांगितले नाहीत आणि त्याने विचारले नाहीत. पैसे कमरेला बांधून तो उठला आणि दारात थांबून म्हणाला, "हा सौदा नाही. हे तुले माहीत हाय ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

मला खरंच माहीत होतं. आणि इतका आनंद मला त्याआधी कोणत्याच सौद्यात झाला नव्हता.

दोन दिवसांनी सराफ स्वतः आला. सकाळच्या पॅसेंजरने बडनेऱ्याहून आला असावा, धोतराला कोळशाचे डाग होते. तो म्हातारा झाला होता, पण आवाज तसाच.

"तुमच्याकडं राणीछाप माल आहे म्हणतात."

"आहे."

"भाव बोला."

"विकायचा नाही."

त्याने भाव सांगितला. मी नाही म्हणालो. त्याने वाढवला. मी नाही म्हणालो. तो हसला, त्याला वाटलं मी घासाघीस करतोय.

"तुमी व्यापारी आहा," तो म्हणाला. "एवढ्या वर भाव राहत नाही. पोळा झाला की पडंन. तुमालेही कळते."

"कळते."

"मंग?"

"विकायचा नाही."

आता त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "भातकुलीकडं माझं एक वावर आहे. आजूबाजूले सगळं खारं, पण त्या विहिरीले गोडं पाणी आहे. इंजिन बसवलेलं आहे. भावाच्या वर तेही लिहून देतो. आज देतो."

दहा वर्षं ज्या पाण्याचं इंजिन ऐकू येऊ नये म्हणून आई दार लावून घेत होती, ते त्याने माझ्या पुढ्यात ठेवलं होतं. हो म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी आईने त्या विहिरीवर हंडा भरला असता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेव्हा त्यानेही माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काहीतरी हललं.

"तुमी... त्या भाजीवाल्या बाईचे?"

"हो."

"माळेतल्या रुपयाले पितळी कडी होती," तो म्हणाला. "चांदीच्या भावानं विकताना मी कडीचं वजन वजा केलं होतं. आठवते मले."

तो विसरला असेल असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. विसरला असता तर मला राग आवरला असता कदाचित. त्याला कडीचं वजनसुद्धा आठवत होतं.

"मी तेव्हा धंदा केला," तो म्हणाला. "तुमाले माझी नड कळली, तुमी मले दाबून राहिले. मी हेच केलं होतं. मंग तुमच्यात अन् माझ्यात फरक काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मी वाद घालीन, मी चांगला आणि तू वाईट असं म्हणीन, आणि मग त्या चांगुलपणाला धरून तो मला वळवील, असा त्याचा हिशेब असणार. मी ती जागाच दिली नाही.

"जमीन घ्या," तो पुन्हा म्हणाला. "आईसाठी घ्या."

"तुमच्या हातून नको."

तो उठला. टोपी घातली, चपला घातल्या. जाताना त्याने हातही जोडले. आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

पोळ्याच्या आधी त्याला फरक भरावा लागला. पेढी गेली, गेटाच्या आतलं घर गेलं, जमिनी विकल्या गेल्या. गोड्या विहिरीचा पट्टा अमरावतीला कचेरीत नोकरी करणाऱ्या एका बौद्ध कुटुंबाने घेतला. आणि त्याने सांगितलं होतं तसाच पोळा झाला आणि चांदीचा भाव पडला. सपाटून पडला. चढ्या भावाने घेतलेला माल माझ्या गळ्यात पडला.

चाचा एकदा दुकानात आला. बसला नाही.

"किती गेले?"

मी सांगितलं.

"शिकलेलं सगळं वापरलं तू," तो म्हणाला. "बसायले शिकला, तोंड बंद ठेवायले शिकला, भाव पाहायले शिकला. पन वापरलं ते दुसऱ्याच कामाले. मले ते आवडलं नाही." त्यानंतर त्याने माझ्यासोबत धंदा केला नाही. रस्त्यात भेटला तर बोलायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा, पण दुकानाची पायरी चढला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. केलेल्या गोष्टीचं वाटत नाही.

मी गावी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. ती कपाशीच्या वाळक्या पळाट्यांच्या जाळावर भाकरी भाजत होती. जमीन देत होता आणि मी घेतली नाही, हे सांगताना माझी छाती जरा पुढे आली होती. तिने भाकरी उलटली.

"रडला काय तो?"

"नाही."

"पाया पडला?"

"हात जोडले."

"हात तं तो गिऱ्हाइकाले पन जोडते," ती म्हणाली. "जमीन घ्यायची होती ना, बापा. जमीन लिहून घ्यायची होती, अन् मंग चांदी देल्लीच नसती. तवा रडला असता."

एवढं मला सुचलं नव्हतं. दहा वर्षं मी धंदा शिकलो होतो आणि ती चुलीपाशी बसून होती. तिने तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली आणि त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. पण आठ दिवसांच्या आत ती एकटी अमरावतीला जाऊन नव्या मालकाला भेटून आली. पट्टा तिने पुन्हा बटईने घेतला, मला न विचारता. पुढे हात चालले तोवर तिने तिथे वांगी काढली, आणि ते इंजिन ती स्वतः चालू करायची.

माझी चांदी माझ्याजवळ पडून राहिली. या वेळी भाव कोणाच्या कानात सांगायचा नव्हता, तरी मी एक भाव स्वतःशी ठरवला, माझा खर्च निघेल इतका. साठाचं दशक संपेपर्यंत तो आला नाही. पोरं लहान होती, भाड्याच्या घरात राहत होतो, आणि खोलीच्या कोपऱ्यात पेटीत चांदी. पुष्कळ लोकांनी वेड्यात काढलं. मी फाटक्या नोटा चिकटवत बसलो. शेवटी भाव आला, मी विकली आणि घराचा पाया घातला.

सराफाला नंतर अमरावतीतल्याच दुसऱ्या एका पेढीवर काम मिळालं होतं. जुना माल पारखून द्यायचा, रोजावर. दुकानाच्या आत नाही, ओट्यावर, उन्हात स्टूल टाकून. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा एक बाई त्याला विचारत होती, बाबा, हे खरं आहे का, आणि तो नाणं डोळ्याजवळ नेऊन पाहत होता.

पुढे अमरावतीला माझं काहीही काम असो, कोर्टात असो की बाजारात, मी बसस्टँडवरून सायकल भाड्याने घ्यायचो आणि त्या रस्त्याने जायचो. वळसा पडायचा. त्याच्या स्टुलासमोर मी सायकल हळू करायचो, इतकी हळू की पाय टेकावा लागायचा. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं की मी पुढे निघायचो. एकदाही त्याने नजर चुकवली नाही, आणि एकदाही मी तो रस्ता टाळला नाही.